सोबतचं पाकीट लॉकरमध्ये ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्रासोबत एक बंद पाकीट आहे. ते न उघडता बँकेच्या लॉकरमध्ये, ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवा. आत काय आहे ते पुढे सांगते. अपाची या सॉफ्टवेअरच्या संस्थेतल्या एका समितीवर मी स्वयंसेवक म्हणून आले आहे, त्यावरच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी: ‘पगार नाही, भत्ता नाही, मग सह्या कशाकशावर करतेस?’ फोनवर हे धड सांगून झालं नाही, म्हणून लिहिते आहे.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेली, ना-नफा तत्त्वावर चालणारी, सॉफ्टवेअर त्याच्या कोडसकट (म्हणजे मूळ लिखाणासकट) सगळ्यांना फुकट देणारी संस्था. मुळात १९९५ मध्ये, देखभाल थांबलेला एक वेब सर्व्हर वापरणाऱ्या आठ जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या, तिथून हे सुरू झालं. वर नऊ संचालकांचं मंडळ आहे, ते सभासद दरवर्षी निवडतात. खाली प्रत्येक प्रकल्पाची वेगळी व्यवस्थापन समिती असते, तिला सगळे पीएमसी म्हणतात. मी अशा एका पीएमसीवर आले आहे.

आपल्या सोसायटीसारखं इथे अर्ज भरून उभं राहता येत नाही. समिती माणसाचं काम बघते, खासगीत चर्चा आणि मतदान करते, संचालक मंडळाला कळवते, ७२ तास थांबते आणि मगच निमंत्रण धाडते. नाव मागे पडलं तर कुणाचा चारचौघांत अपमान होऊ नये, म्हणून ही गुप्तता. आई, तुला आधी काही सांगितलं नाही कारण मलाही ठाऊक नव्हतं. आणि ही जागा माझी आहे, माझ्या कंपनीची नाही. नोकरी बदलली तरी ती राहते, आणि तिथे मत देताना कंपनीचा फायदा बघायचा नसतो.

आता सह्या. पहिली योगदानाच्या करारावर. मी लिहिलेल्या कोडचा मालकी हक्क माझ्याकडेच राहतो, ते वापरण्याचा आणि वाटण्याचा कायमचा परवाना संस्थेला मिळतो. शिवाय ‘हे देण्याचा अधिकार मला आहे’ अशी हमी मी देते. खरी जोखीम या हमीत आहे. बऱ्याच कंपन्यांच्या नेमणूकपत्रात कर्मचाऱ्याने लिहिलेलं कोड कंपनीचं, असं कलम असतं. म्हणून आधी कंपनीची लेखी परवानगी घ्यायची, मग सही करायची. हा क्रम उलटा झाला तर गुंता प्रकल्पाच्या गळ्यात पडतो. परवानगीची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे, बाबा.

दुसरी सही म्हणजे मत. इथे मत म्हणजे ‘प्लस वन’. नवी आवृत्ती बाहेर काढायची तर निदान ७२ तास मतदान खुलं ठेवायचं, कारण समितीतली माणसं वेगवेगळ्या खंडांत झोपतात आणि उठतात. पीएमसीतल्या निदान तिघांनी प्लस वन द्यायला हवं, आणि विरोधापेक्षा होकार जास्त हवेत. पण हे हात वर करण्यासारखं नाही. प्लस वन देणाऱ्याने मूळ कोडचा गठ्ठा स्वतःच्या यंत्रावर उतरवायचा, त्यावरची डिजिटल सही आणि एसएचए-५१२ बेरीज (गठ्ठा वाटेत बदलला तर न जुळणारा आकडा) जुळते का पाहायची, गठ्ठा सोडवून परवान्याच्या ‘लायसन्स’ आणि ‘नोटीस’ या दोन फाइली वाचायच्या, आत तयार बायनरी फाइल (यंत्राला कळणारी, पण माणसाला वाचून तपासता न येणारी) राहिलेली नाही याची खात्री करायची, आणि मग सगळं बांधून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून, चाचण्या चालवायच्या. चुका नेहमीच्याच असतात: सही करणाऱ्याने आपली सार्वजनिक किल्ली, म्हणजे जिने इतरांना ती सही तपासता येते ती, प्रकल्पाच्या ‘कीज’ फाइलमध्ये घातलेलीच नसते, कुणाच्या चाचणीतली जार फाइल (जावा भाषेतल्या तयार कोडचं गाठोडं) गठ्ठ्यात अडकलेली असते, किंवा जीपीएल परवान्याचा (सोबतचं कोडही त्याच अटींवर वाटायला लावणाऱ्या परवान्याचा) एखादा तुकडा आत शिरलेला असतो, जो आमच्याकडे चालत नाही. सगळ्यात फसवी चूक म्हणजे बांधणी माझ्या यंत्रावर यशस्वी होते, कारण लागणाऱ्या जुन्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे भाग) आधीच तिथे साठलेल्या असतात. म्हणून तो साठा रिकामा करून कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातच वेगळ्या काढलेल्या रिकाम्या कप्प्यात, बांधायचं. यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती गेलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एवढी काटेकोर रीत का? रीतीने मतदान होऊन आलेली आवृत्ती ही संस्थेची कृती ठरते, कुणा एकट्याची नाही. कायद्याचा प्रश्न आला तर त्या रीतीमुळेच स्वयंसेवकाला आडोसा मिळतो. बाबा, जामीन राहण्याची तुमची भीती इथे लागू होत नाही ती यामुळे. मात्र कुणी मतदान टाळून परस्पर आवृत्ती वाटली, तर त्याला तो आडोसा गृहीत धरता येत नाही. नकाराचंही ऐका: आवृत्तीच्या मतदानात ‘मायनस वन’ हा नकाराधिकार नसतो, कोडमधल्या बदलावर असतो. तिथेही तांत्रिक कारण द्यावं लागतं, कारणाशिवायचा नकार ग्राह्य धरत नाहीत.

एक गोष्ट तुम्हालाही सांगता येणार नाही. कुणी सुरक्षेतलं भगदाड कळवलं तर दुरुस्ती बाहेर येईपर्यंत ते पीएमसी आणि संस्थेच्या सुरक्षा गटातच राहतं. दुरुस्ती जोडताना तिच्या नोंदीतही ती सुरक्षेची आहे असं लिहायचं नाही, नाहीतर चोराला पत्ता मिळतो. लॉगफोरजे या अपाचीच्या सॉफ्टवेअरमधलं (जावातले प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी ठेवायला ते वापरतात) भगदाड २०२१ च्या नोव्हेंबरअखेर कळवलं गेलं. डिसेंबरात २.१५.० आवृत्ती आली, पण दुरुस्ती अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळं त्याच महिन्यात. जगभरच्या बँका आणि सरकारं ज्यांच्याकडे डोळे लावून बसली होती, ते स्वयंसेवक होते. तेव्हा कधी दोन-तीन दिवस माझा फोन आला नाही, तर काळजी करू नका.

तिसरी सही म्हणजे माझी डिजिटल किल्ली, ४०९६ बिटांची. आवृत्तीवरची सही हिनेच करायची. ती चोरीला गेली तर चोर माझ्या नावाने खोटी आवृत्ती खरी म्हणून खपवेल. म्हणून किल्ली बनते तेव्हाच ती रद्द करण्याचा दाखलाही बनतो, आणि तोच छापून पाकिटात घातला आहे. या कागदाने सही करता येत नाही, फक्त किल्ली बाद करता येते. पण कुणाच्या हाती लागला तर तो माझी चालू किल्ली निकामी करू शकतो, म्हणून लॉकर. इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल लागून पसरते, त्यामुळे लेझर प्रिंट काढली आहे, आणि अक्षर मोठं ठेवलं आहे, म्हणजे शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोटाळा होणार नाही. लॅपटॉप चोरीला गेलाच तर मी फोन करीन. तेव्हा पाकीट उघडून कागदाचा फोटो नीट उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढून पाठवा. फोन आला की आधी मला आजीच्या माहेरचं गाव विचारा, आवाज माझा वाटला तरी.

झेपेनासं झालं तर समितीला एक ईमेल लिहून बाजूला होता येतं. त्यात कमीपणा नसतो, आणि केलेलं काम पुसलं जात नाही.

पाकीट पोचलं की कळवा, आणि लॉकरची दुसरी किल्ली आईकडेच राहू दे.

तुमची,
ताई