फादर, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

प्रिय फादर,

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण हे सगळ्यांसमोर म्हणायचं होतं म्हणून उघड पत्र.

मी कॅथलिक नाही. तुमच्या कॅथलिक कॉलेजला ॲडमिशन घेतली तेव्हा धाकधूक होती की कुठलीही कविता काढली तरी गाडी शेवटी चर्चवरच जाऊन थांबणार. तुमच्या तासाला तसं कधी झालंच नाही.

इंग्रज कवी हॉपकिन्स तुम्ही शिकवलात तो अजून डोक्यातून जात नाही. जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला, व्हायचं म्हणून १८६८ मध्ये स्वतःच्या कविता जाळणारा माणूस, मग कित्येक वर्षं जवळजवळ काहीच लिहीत नाही, मग १८७५ च्या डिसेंबरमध्ये डॉइचलंड जहाज फुटतं, पाच नन्स बुडतात आणि वरिष्ठांच्या एका बोलण्यावरून हा पुन्हा लिहायला बसतो, आणि ती कविता जेझुइटांचंच मासिक छापत नाही! १८८९ ला तो गेला, कवितांचं पुस्तक आलं थेट १९१८ मध्ये. संस्था आणि कवी यांच्यातला हा ताण तुम्ही आमच्यापासून लपवला नाहीत, स्वतः त्याच संस्थेतले असून.

आणि त्याची ती डब्लिनची सुनीतं, ग्रीक शिकवून, पेपर तपासून पार थकलेल्या प्राध्यापकाची. वर्गात एकीने विचारलं, हा धर्मगुरू ना, मग याची श्रद्धा गेली कुठे? तुम्ही घाईने समजूत काढली नाहीत, परत वाचा म्हणालात, तो बोलतोय कोणाशी ते बघा. देवाशीच भांडत होता की तो! मला तुकोबा आठवले, विठ्ठलाला खडसावणारे, मी भीत भीत बोलले तर तुम्ही पुढचा सगळा तास मलाच बोलायला लावलंत. माझ्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

कार्डिनल न्यूमन, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कॅथलिक विचारवंत, तोही तुमच्यामुळेच वाचला. पापी माणसाकडून निष्पाप साहित्याची अपेक्षा करणं हाच विरोधाभास, हे त्याने कॅथलिक विद्यापीठाची कल्पना मांडतानाच म्हटलंय, आणि तरी कितीतरी जणांना कॅथलिक कॉलेजचं मिशन म्हणजे पुस्तकं गाळून देणं वाटतं. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९० च्या दस्तऐवजात कॅथलिक विद्यापीठात प्रत्येकाच्या विवेकस्वातंत्र्याचा मान राखावा असं लिहिलंय, ते मी बरंच नंतर वाचलं. तुमच्या वर्गात ते आधीच मिळालं होतं. पोप फ्रान्सिस यांचं २०२४ चं साहित्यावरचं पत्र आलं तेव्हा तर पहिली आठवण तुमचीच झाली, कारण तेही तरुणपणी साहित्य शिकवायचे आणि मुलांना एल सिद हे जुनं स्पॅनिश महाकाव्य घरी वाचायला सांगून वर्गात त्यांच्या आवडीचे लेखक घ्यायचे.

तुम्ही प्रार्थनेला जायचात, आम्हाला कधी बोलावलं नाहीत, विचारलं तर मात्र मोकळेपणाने सांगायचात. तुमची श्रद्धा खरी आहे हे मला त्यातूनच कळलं.

प्रबंध पूर्ण झालाय फादर. तुकोबांचं प्रकरण सगळ्यात मोठं झालंय. प्रत पाठवतेय, नेहमीसारखी लाल पेनने वाचा.

तुमची विद्यार्थिनी