द्रासला सोबत जाताना

संपादक महोदय,

२६ जुलैच्या कारगिल विजय दिनासाठी माजी सैनिकांसोबत लडाखमधल्या द्रासला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हे पत्र. त्यांतले १९७१च्या युद्धात लढलेले जवान आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि द्रास सुमारे ३,३०० मीटर उंचीवर. विमानाने थेट लेहला उतरू नये, ते आणखी उंच. श्रीनगरमार्गे जावे, सोनमर्गला मुक्काम करावा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

खरा घोळ होतो तो लघवीचा. गाडी थांबवायला लावायची लाज, म्हणून आजोबा पाणीच पीत नाहीत, लघवी वाढवणारी बीपीची गोळीही गुपचूप टाळतात. मग मानवंदनेला उभे राहताच चक्कर. दर दीड तासाला आपणच, ‘मला जायचंय’ म्हणून गाडी थांबवावी. फौजी माणूस दुसऱ्यासाठी लगेच उतरतो!

उठताना काखेत हात घालून ओढू नये, आपला कोपर त्यांना धरू द्यावा. चाकाची खुर्ची उतारावर उलटी, मागे चालत उतरवावी. उठण्याआधी ब्रेक लावून पायपाट्या वर कराव्यात, नाहीतर त्यांवरच पाय पडून खुर्ची कलंडते.

गोळ्या, चष्मा, श्रवणयंत्राचे जादा सेल हातातल्या पिशवीत ठेवावेत. आपले प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, गटात एक तरी पोस्टपेड हवे. पदके आदल्या रात्रीच कोटाला डावीकडे लावून ठेवावीत. थंडीत थरथरत्या बोटांना ती पिन लागत नाही.

– एक स्वयंसेवक, सातारा