मुलग्यांच्या वयात येण्याबद्दलही बोला

महोदय,
मुलगी वयात येताना आई, मावशी निदान चार गोष्टी सांगतात. मुलग्याला कोणीच काही सांगत नाही. त्याच्या शरीरातली ही घडण तर पाळण्यातच सुरू होते. जन्मानंतर १ ते ३ महिन्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चांगलंच वाढतं, सहाव्या महिन्यापर्यंत ओसरतं आणि मग कित्येक वर्षं शांत राहतं. वृषण (पोटातून खाली उतरणाऱ्या गोट्या) उतरायला त्याचीच मदत होते. म्हणूनच ६ महिन्यांपर्यंत बाळाचे वृषण अंडकोशात (खालच्या पिशवीत) उतरले नाहीत, तर ‘उतरतील हळूहळू’ म्हणत थांबू नका, बालशल्यचिकित्सकांना दाखवा. पुढे वयात येण्याची पहिली खूण मिशी नव्हे, वृषणांची वाढ. ती ९ वर्षांच्या आधीच दिसली किंवा १४ उलटूनही दिसली नाही, तर तपासणी हवीच. शाळेतल्या आरोग्य तपासणीत दात, डोळे पाहतात. मुलग्यांना विश्वासात घेऊन हेही विचारलं जावं.

– एक आजी, सांगली