आत्याला अर्धंच वाचून दाखवायचं पत्र

लंडन, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. सर्दी झाली नव्हती, फोनवर आवाजच तसा येत होता. पत्र मुद्दाम लिहितोय, कारण मेसेज टाकला की तो फॅमिली ग्रुपवर जातो आणि फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता.

आधी आईचं. मी ज्या मशीनवर काम करतो त्यात रेडिएशन नसतं. एमआरआय म्हणजे मोठं चुंबक, एक्स-रेचा तिथे संबंधच नाही. आमचं 3 टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 60,000 पट. आता यावरून नवी काळजी सुरू करू नकोस. मी काचेपलीकडच्या खोलीत असतो, आणि बहुतेक वेळ तर कॉम्प्युटरवर चित्रंच मोजत बसलेला असतो.

आता मीनल. आत्या म्हणते, भर दुपारी इतवारीतून स्कूटीवर आली, तेव्हाच तिला ऊन लागलं. "काहून एवढी उन्हात फिरून राहिली?" म्हणून ती पोरीला अजून बोलते. पन्हं झालं, कांदा झाला. आत्याने पाहिलं ते बरोबर आहे, पण कारण ते नाही. बाबा, तुमचा जन्म वीज मंडळात गेला, तुम्हाला लगेच कळेल. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर असतं तसं. मीनलला झालेल्या एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते आवरण खाते. आवरण गेलेल्या जागी अंग जरा तापलं तरी संदेश अडतो. म्हणून उन्हातून आल्यावर तिला एका डोळ्याने धूसर दिसलं, आणि कूलरसमोर बसल्यावर निवळलं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने 1890 मध्येच हे लिहून ठेवलंय. एमआरआय यायच्या आधी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून हा आजार ताडून पाहायचे! उन्हाने एमएस होत नाही, जुनं दुखणं तेवढं वर येतं. नागपूरच्या 45 डिग्रीत ते जास्तच येणार. तिच्या खोलीतल्या कूलरची वाळ्याची ताटी बदला, आणि दुपारची कामं दुसऱ्या कुणी करा.

आणि "कमजोरी आहे, टॉनिक द्या" हे बंद करायला सांगा. आजार मुळातून जात नाही, पण त्याचे अटॅक कमी करणारी औषधं आता बरीच आहेत. त्यातलं पहिलं औषध, इंटरफेरॉन, 1993 मध्ये आलं, त्याआधी असं काहीच नव्हतं. जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

एमआरआयवर एमएसचे दिसतात तसे मेंदूतले पांढरे डाग मायग्रेनमध्येही दिसतात, बीपीवाल्यांतही. एमएसच्या डागाच्या मधोमध बरेचदा एक बारीक शीर असते, ती शोधणं हे माझं काम. दिवसभर मी अनोळखी लोकांचे डाग मोजतो. मीनलच्या फिल्मचा मात्र तुम्ही पाठवलेला तिरपा फोटो आहे माझ्याकडे, त्यावर खिडकीचा उजेड पडलेला. त्यावरून काय सांगू? तिथे असतो तर निदान सोबत गेलो असतो.

असो. इथली गंमत ऐका. ऑफिसात कुणाचा वाढदिवस आला की एक मोठं कार्ड फाइलमध्ये लपवून टेबलाटेबलावर फिरतं. ज्याचा वाढदिवस त्याला दिसता कामा नये. पाकिटावर सगळ्यांची नावं, सही केली की आपल्या नावापुढे खूण. पैसे टाकायला वेगळं पाकीट. किती टाकायचे हे कुणी सांगत नाही, आणि विचारायचंही नसतं. सगळ्यांना म्हणायचं एकच असतं, पण आधीच्याची ओळ तशीच उतरवली तर वाईट दिसतं, म्हणून मोठमोठे डॉक्टर पेन धरून विचार करत बसतात. एवढं करून केक मात्र ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा! मी आईने पाठवलेली संत्राबर्फी नेली. एकाने विचारलं, गाजराची आहे का.

आत्याला इथपर्यंतच वाचा.

अमरावतीच्या स्थळाला साखरपुडा होईस्तोवर आजाराचं सांगायचं नाही, असं ठरलंय म्हणे. बाबा, हे होऊ देऊ नका. आत्या तुमचं ऐकते. एमएस संसर्गाने पसरत नाही. आईला आहे म्हणून मुलाला होतोच असंही नाही. मूल होऊ शकतं, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक उलट कमी होतात. बाळंतपणानंतरचे काही महिने जपावं लागतं, आणि औषधाचं डॉक्टरांशी आधीच ठरवावं लागतं. हे सगळं नवऱ्यापासून लपवून ती कसं करणार? त्यांना नको असेल तर आताच नको म्हणू देत. मुलाकडच्यांशी मी बोलतो, नंबर पाठवा. आणि मीनलला कुणी विचारलं का?

तुमच्या खात्यात पैसे टाकलेत. ते औषधाचे आहेत, हॉलचे नाहीत. माझं नाव सांगू नका, आत्या परत करेल.

आई, धंतोलीच्या मुलीचा बायोडाटा पाहिला. चांगली आहे. मी नाही म्हटलेलं नाही, हे लक्षात घे. दिवाळीत बोलू. म्हणजे यायचं आहेच, फक्त नेमका तेव्हाच प्रोजेक्टचा रिपोर्ट द्यायचा असतो. तिकीट काढलं की कळवतो. बाबांकडून फोन करवू नकोस.

तुमचा,
बाळू

ता.क. मीनलला पुढच्या वेळी डॉक्टरकडे नेताना जुन्या एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. नवा डाग कोणता हे जुन्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. सीडी आत्याच्या कपाटात साड्यांखाली आहे, मीनलनेच सांगितलं.