पाणी भरपूर, आडोसा कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चैत्रोत्सवासाठी शिरपूरहून सप्तशृंगगडावर पायी जाण्याचं माझं हे अकरावं वर्ष. अष्टमीला निघायचं आणि धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी करत चतुर्दशीला गडावर पोचायचं. त्या रात्री दरेगावचे गवळी पाटील शिखरावर कीर्तिध्वज लावतात. तो फडकताना दिसला की पायाचे फोड कुठल्या कुठे जातात. माझा धंदा शिवणकामाचा. लग्नसराईचे ब्लाउज तसेच टाकून मी निघते, गिऱ्हाइकं चिडतात, पण आता त्यांनाही सवय झाली आहे.

दरवर्षी तुमच्या पेपरात पदयात्रेचा फोटो येतो. भगवे झेंडे, नाचणारी पोरं, डीजेची गाडी. (डीजेबद्दल वेगळं पत्र लिहीन.) सोबत बातमी असते की अमुक ठिकाणी ताकवाटप, तमुक ठिकाणी वरण-बट्टी. हे सगळं खरं आहे. पारा चाळिशीच्या वर असतो आणि आपली माणसं टरबूज, मठ्ठा, लिंबू सरबत घेऊन रस्त्यात आडवी उभी राहतात, घेतल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मी दशम्या आणि ठेचा बांधून नेते, तो निम्मा परत येतो. माझी तक्रार या लोकांविरुद्ध नाही. पण आम्ही बायका ते ताक पीत नाही, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

यंदा धुळ्याच्या पुढे एका मंडपात शहाद्याकडची एक मावशी शेजारी बसली होती. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, पायात पोराचे बूट. स्वयंसेवकाने ग्लास भरून दिला. तिने दोन घोट घेतले, उरलेलं पाणी पदराच्या टोकावर ओतून टोक मानेवर ठेवलं. मी म्हटलं, मावशी, पूर्ण प्या, ऊन केवढं आहे. तर हळूच अहिराणीत म्हणाली, “पानी पिसू, मंग जासू कथा?” म्हणजे, पाणी पिईन, पण मग जाऊ कुठे?

यावर मी काय बोलणार? मीही तेच करत होते.

रस्ता चौपदरी झाल्यापासून हे जास्त झालं. पूर्वी कडेला बाभळी होत्या, कडुनिंब होते. आता झाडं दुभाजकात आहेत, तीही कण्हेर. दोन्हीकडून ट्रक जाणाऱ्या कण्हेरीआड कोणी बसू शकतं का? पहाटे चारला, अंधार असतानाच आम्ही उरकून घेतो. चौघी जणी साडी ताणून उभ्या राहतात, पाचवी मागे बसते. तेवढ्यात एखाद्या ट्रकचा उजेड पडतो आणि ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवतो. त्यानंतर थेट दिवस मावळेपर्यंत काही नाही. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह मोफत असायला हवं, असा नियम आहे. आम्ही गेलो त्या पंपावर कुलूप होतं. “किल्ली सायबांकडे, सायेब गावाला.” पुरुष मंडळी पंपाच्या भिंतीमागे जाऊन आली.

तिसऱ्या दिवशी आमच्यातली एक नवी सून तापाने फणफणली. लघवीला जळजळ, पोटात कळा. मालेगावला डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तिला रागावले, पाणी का पीत नाही म्हणून. ती खाली मान घालून बसली. सासऱ्यांच्या देखत सांगणार काय? तिथूनच तिला एसटीने घरी पाठवलं. पहिलीच वारी होती तिची.

गडावर 2018 पासून फनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या न चढता दर्शन होतं. चांगली सोय आहे, म्हाताऱ्यांचे हाल थांबले. पण ट्रॉली लागते ती शेवटच्या चढाला. आमची अडचण त्याआधीच्या सहा दिवसांची आहे. खान्देश हे आईचं माहेर, असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. माहेरच्या बायका सहा दिवस तहानेल्या चालतात, हे मात्र कुणाच्या भाषणात येत नाही.

मार्ग अवघड नाही, कारण मी तो बघितला आहे. देवळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी, कांद्याच्या चाळीमागे, चार बांबू रोवून आडोसा केला होता. पाण्याचा ड्रम, एक मग, साबणाची वडी. पडदा खताच्या गोण्या उसवून शिवलेला. मी सवयीने शिवण बघितली, दुहेरी टीप होती, कडा दुमडलेल्या. घरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मागच्या वर्षी एक बाई आमच्या ओट्यावर चक्कर येऊन पडली, म्हणून यंदा केलं. समोरच सरबताचा मंडप होता. त्या मंडपापेक्षा या बाईंच्या दारात रांग मोठी होती. आणि गंमत बघा, बाहेर आलेली प्रत्येक जण सरळ सरबताकडे जात होती.

तेव्हा अन्नदान करणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या चैत्रात एक पातेलं खिचडी कमी शिजवा, पण मंडपामागे दोन आडोसे उभे करा, बाईमाणूस तिथे बसवा आणि रस्त्यावर दिसेल असा बोर्ड लावा. बोर्डावर ‘महिलांसाठी’ एवढंच लिहिलं तरी कळतं. नगरपालिका फिरती शौचालयं देऊ शकल्या तर उत्तमच, पण त्यासाठी थांबू नका.

शिरपूर ते धुळे या टप्प्यातल्या मंडळांनी फक्त बांबू आणि कापड आणावं. जाड कापड आणा, उन्हात आरपार दिसणारं नको. पडदे मी शिवून देईन, शिलाई घेणार नाही. होळीच्या आधी आणून टाका, नंतर माझ्याकडे लग्नाचे ब्लाउज असतात.

आपली,
एक पायी चालणारी, ता. शिरपूर, जि. धुळे