घोरणे थांबले, श्वास मात्र अडतच राहिला

महोदय,

घोरण्यावर घशाची शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार जी कुटुंबे करीत असतील, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या यजमानांचे टॉन्सिल, पडजीभ आणि मऊ टाळूचा काही भाग काढण्यात आला. पहिले दोन आठवडे पेजेचा घोट गिळतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि पुढे कित्येक दिवस घाईने प्यायलेले पाणी नाकावाटे परत येत असे. घोरणे मात्र थांबले. काही महिन्यांनी एका रात्री मला जाग आली, तेव्हा खोली इतकी शांत होती की मी घाबरून त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती श्वासासाठी धडपडत होती, पण नाकातोंडातून हवा येत नव्हती. मी आकडे मोजू लागले आणि 22 म्हणताना ते दचकून, मोठा श्वास घेऊन कुशीवर वळले. त्यानंतर केलेल्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतील श्वासाची नोंद घेणाऱ्या तपासणीत, तासाला सरासरी 31 वेळा श्वास अडत असल्याचे निघाले. हा आकडा 30च्या वर गेला की झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र समजतात. शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी कोणी सुचवलीच नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रियेने नेमका किती फरक पडला हे कळायलाही मार्ग उरला नाही.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी म्हणजे अ‍ॅडिनॉइड वाढल्याने श्वास अडणाऱ्या मुलांना तिचा फार उपयोग होतो, आणि टॉन्सिल मोठे व वजन आटोक्यात असलेल्या प्रौढांनाही होऊ शकतो. पण श्वास जिभेच्या मुळाशी अडत असेल, तर केवळ टाळू कापून तो मोकळा कसा होणार? म्हणूनच औषधाने झोप आणून दुर्बिणीतून अडथळ्याची जागा पाहण्याची सोय आहे. शिवाय 'यशस्वी' या शब्दाचा अर्थही विचारून घ्यावा. अनेक वैद्यकीय अभ्यासांत तासाला श्वास अडण्याचा आकडा निम्म्यावर आणि 20च्या खाली आला की शस्त्रक्रिया यशस्वी धरतात. म्हणजे 38वरून 18वर आलेला रुग्णही यशस्वी ठरतो, जरी 18 हा आकडा मध्यम आजाराचाच असला तरी.

यजमान आता रोज सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावून झोपतात. सुरुवातीला त्यांना तो नकोसा वाटे, पण सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची पेंग गेल्यावर तेच तो आठवणीने लावू लागले. हे यंत्र आधी काही महिने वापरून पाहा, असे आम्हाला कोणी म्हटले असते, तर कदाचित टाळूला हात लावावा लागला नसता.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना माझी विनंती आहे की, संमतीपत्रावर रुग्णाचा आधीच्या स्लीप स्टडीतील आकडा आणि शस्त्रक्रियेनंतर ती तपासणी पुन्हा करण्याची तारीख, या दोन गोष्टी लिहूनच सही घ्यावी.

– एक वाचक, नाशिक