रँडी पॉश यांचं लेक्चर पूर्ण ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅन्सरने गेलेले अमेरिकन प्राध्यापक रँडी पॉश यांच्या शेवटच्या लेक्चरची क्लिप आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत फिरली आणि लगेच दोन तट पडले. काहींना रडू आलं, बाकीचे म्हणाले यात नवीन काय, मरणार होता म्हणून टाळ्या पडल्या. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहितेय.

मुळात बहुतेकांनी बघितलीय ती मागे पियानो लावलेली तीन मिनिटांची क्लिप. मूळ लेक्चर सव्वा तासाचं आहे, १८ सप्टेंबर २००७, पिट्सबर्गची कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी, तिथे ते कॉम्प्युटर शिकवायचे. पॅन्क्रियाजचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला, डॉक्टरांनी तीन ते सहा महिने बरे जातील असं सांगितलेलं, आणि हा माणूस स्टेजवर पुशअप्स मारतो. आमच्यातले एक सर म्हणाले शोबाजी आहे. अहो सर, घरी तीन लहान मुलं होती, धाकटी तर दोन वर्षांचीही नव्हती, आणि शेवटी ते स्वतःच सांगतात की हे सगळं माझ्या मुलांसाठी आहे. मुलांना पुढे बाप बघायला मिळावा आणि तो असा हसता-खेळता मिळावा, यात शोबाजी कुठली? पुढच्याच जुलैत गेले ते, ४७ व्या वर्षी.

अडचणींच्या भिंती आपल्याला किती मनापासून हवंय ते बघायला असतात, या त्यांच्या म्हणण्यावर टीका होते ती मात्र मला पटते. फीपायी शाळा सुटलेल्या मुली मी बघितल्यात, जिद्द कमी नव्हती त्यांच्यात.

पण लहानपणीच्या त्यांच्या फुटबॉल कोचचा (अमेरिकेतला फुटबॉल, बॉल हातात घेऊन खेळतात तो) किस्सा कुणीच फॉरवर्ड करत नाही. पहिल्या दिवशी कोच बॉल न घेताच आले, म्हणाले मैदानात २२ जण असतात, बॉल एकाच्याच हातात, आपण बाकीच्या २१ जणांचं काम शिकू. एकदा तर पूर्ण प्रॅक्टिसभर छोट्या रँडीला झापलं, तेव्हा असिस्टंट कोच त्याला म्हणाले, चांगलंय की, तू चुकतोयस आणि कुणी काही बोलत नाही म्हणजे त्यांनी तुझा नाद सोडला.

हे ऐकून मी लेक्चर तिथेच थांबवलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवला, फेब्रुवारीपासून त्याच्या वहीवर मी नुसती सही करत होते, चुकांवर लाल पेन लावणंच सोडून दिलं होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा